ॲबिगेलला व्हिलन करू नका, पण तिला सोडूही नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं की हा तर नेहमीचाच आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल', म्हणजे अमेरिकेतल्या सेलम गावात चेटकाचे आरोप होऊन माणसं फासावर गेली त्यावरचं नाटक, तुम्ही मराठीत स्पर्धेसाठी करताय, दिग्दर्शन पहिल्यांदाच करताय, आणि ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात सगळं त्या ॲबिगेलने, आरोप करणाऱ्या पोरींच्या म्होरकीने केलं, लग्नाचा शेतकरी प्रॉक्टर मिळावा म्हणून आणि नाही मिळाला म्हणून. अर्धे म्हणतात ती बिचारी पोर, दोष समाजाचा. आणि तुम्हाला प्रत्येक नटाला त्याच्या पात्राचा हेतू एका ओळीत लिहून द्यायचाय, म्हणून विचारताय की खरा दोषी कोण. शिवाय शेवटी दोन बारके प्रश्न, हे सगळं आपल्याकडच्या गावात आणावं का, आणि दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा तो जेवणाचा उद्योग कापला तर चालेल का.

मी हे नाटक दोनदा बसवलंय, एकदा कॉलेजच्या मुलांना घेऊन आणि नंतर बऱ्याच वर्षांनी हौशी ग्रुपबरोबर, आणि पहिल्यांदा सपशेल चुकलो होतो. मी ॲबिगेलला सरळ खलनायिका केलं होतं. मोकळे केस, एंट्रीला तांबडा लाइट, प्रॉक्टरशी बोलताना अंगचटीला येणं, सगळं. तिसऱ्या अंकात प्रॉक्टर भर कोर्टात तिला वेश्या म्हणतो ना, तिथे प्रेक्षकांतून टाळी पडली, मागून दोन शिट्ट्या पण आल्या. विंगेतली पोरं खूष, मला मात्र पोटात गोळा आला. तीन अंकांत मी चारशे माणसांना एका सतरा वर्षांच्या मुलीकडे बोट दाखवून खूष व्हायला शिकवलं होतं, म्हणजे नाटक ज्याच्याविरुद्ध आहे तेच मी हॉलमध्ये घडवून आणलं होतं. त्यामुळे खाली जे सांगतोय ते त्या टाळीतून आलेलं आहे असं समजा.

माझ्या मते तुमचा घोटाळा असा झालाय की तुम्ही हेतू आणि दोष एकाच वहीत लिहिताय. हेतू म्हणजे त्या माणसाला काय हवंय, आणि दोष म्हणजे त्याला हे थांबवता आलं असतं आणि त्याने थांबवलं नाही. हेतू वाईट असून दोष कमी असू शकतो, आणि हेतू एकदम चोख, देवाधर्माचा, कायद्याचा असून दोष डोंगराएवढा असू शकतो. सेलममध्ये नेमकं हेच झालंय. आणि एका ओळीचा हेतू नटाला देऊच नका हो, मत्सर, लोभ, भीती असे शब्द दिले की नट तो शब्द चेहऱ्यावर घेऊन अडीच तास फिरतो.

दुसऱ्या वेळी मी वाचनाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येकाला दोनच प्रश्न घातले. एक, तुझं पात्र हे सगळं कुठे थांबवू शकलं असतं, नेमकं वाक्य दाखव. दोन, त्या वाक्याला थांबवलं असतं तर तुझं काय गेलं असतं. आम्ही त्याला 'थांबायची किंमत' म्हणायचो. हे उत्तर प्रत्येकाने संहितेत पेन्सिलने लिहायचं आणि तालीम पुढे सरकेल तसं खोडून पुन्हा लिहायचं. गंमत अशी की ही किंमत अंकागणिक बदलते, आणि नाटक खरं तर तिथेच आहे.

आता ॲबिगेल घ्या. आईबाप तिच्या डोळ्यांदेखत मारले गेलेत, मामाच्या घरी आश्रित, प्रॉक्टरच्या घरी कामाला होती तिथून मालकिणीने काढली, तेव्हापासून गावात कुणी तिला कामाला ठेवत नाही आणि मामा पॅरिस, गावचा पाद्री, तिला विचारतो की तुझं नाव गावात स्वच्छ आहे ना. रात्री जंगलात पोरी नाचताना पकडल्या, वर हिने प्रॉक्टरच्या बायकोचं वाईट व्हावं म्हणून रक्त प्यायलंय. पहिल्या अंकात खरं बोलायची किंमत काय? चाबूक नक्की, आणि रक्ताचं बाहेर आलं तर फास. म्हणजे जीव. आणि आणखी एक गोष्ट जी वाचताना सगळ्यांकडून निसटते, की ॲबिगेल आधी सगळं टिटुबावर ढकलते खरं, पण गावातल्या बायकांची नावं घ्यायला सुरुवात ती करत नाही. ती पहिली नावं पॅरिसची गुलाम टिटुबा हिच्या तोंडून येतात, पॅरिस तिला मरेस्तोवर फटके मारीन म्हणतो, जमीनदार पुटनम म्हणतो हिला फाशीच द्या, आणि मग चेटूक ओळखायला बाहेरून बोलावलेला पाद्री हेल हळुवार आवाजात विचारतो की सैतानाबरोबर अजून कोण होतं. गुलाम बाई, समोर चार मोठी माणसं, ती काय करणार. ॲबिगेल ते बघते. कबुली दिली की फटके थांबतात, नाव घेतलं की लोक हात धरून रडतात, हे तिला त्या पाच मिनिटांत कळतं आणि मग ती उडी घेते. तुमच्या ॲबिगेलला त्या वेळी टिटुबाकडे बघायला सांगा, प्रेक्षकांकडे नाही.

पण म्हणून तिला सोडायचं नाही. दुसऱ्या अंकातली बाहुली आठवा. प्रॉक्टरची आताची मोलकरीण मेरी वॉरन कोर्टात बसून बाहुली शिवते, ॲबिगेल शेजारी बसून तिला सुई खोचताना बघते, आणि त्याच संध्याकाळी जेवताना स्वतःच्या पोटात दोन इंच सुई घालून घेते, म्हणजे बाहुली प्रॉक्टरच्या घरात सापडली की आळ त्याच्या बायकोवर. ही घाबरलेल्या पोरीची उडी नाही, हा बेत आहे. इथे थांबायची किंमत तिच्यासाठी शून्य होती, कारण कुणी तिच्यावर संशय घेतच नव्हतं, उलट ती रस्त्याने जाताना गर्दी दुभंगायची. म्हणजे पहिल्या अंकातली ॲबिगेल आणि दुसऱ्या अंकातली ॲबिगेल यांचा दोष एकच धरता येत नाही. एका ओळीत हेतू लिहिलात की ही गोष्ट मरते.

वयाचं एक सांगून ठेवतो कारण तुमच्या त्या 'बिचारी पोर' म्हणणाऱ्या गटाला ते लागेल. खऱ्या इतिहासात, म्हणजे १६९२ साली, ॲबिगेल विल्यम्स साधारण अकरा-बारा वर्षांची होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा होता, आणि त्यांच्यात काही होतं याला कसलाच पुरावा नाही. मिलरने तिला सतराची केली, त्याला पस्तिशीच्या आसपास आणला, आणि मधे ते लफडं घातलं. नाटकाला त्याने पाठीचा कणा मिळाला हे खरं, पण त्यामुळे एकोणीस माणसांच्या फाशीचं मूळ एका मुलीच्या वासनेत आहे असं वाटायला लागतं, आणि माझ्या मते हा संहितेतला कच्चा दुवा आहे, मिलर कितीही मोठा असला तरी. तुम्ही संहिता बदलू शकत नाही, पण भरपाई करू शकता. प्रॉक्टर हा तिचा मालक होता, लग्नाचा, तिच्या दुप्पट वयाचा. पहिल्या अंकातल्या त्यांच्या प्रवेशात तो तिला बाजूला सारतो तेव्हा त्याला जरा हसू येऊ द्या, जुनी सवय असल्यासारखं. तेवढं केलं की प्रेक्षक आपोआप दोघांकडे बघायला लागतात.

आणि हो, हे तुमच्याकडच्या संहितेवर पण अवलंबून आहे. दुसऱ्या अंकात जंगलातला एक जादा प्रवेश मिलरने मागाहून लिहिला होता, फक्त ॲबिगेल आणि प्रॉक्टर, तो बऱ्याच छापील प्रतींत शेवटी परिशिष्टात असतो. तो घेतलात तर ॲबिगेल स्वतःच स्वतःच्या थापांवर विश्वास ठेवायला लागलीय, जवळपास वेडी झालीय असं दिसतं, मग तिचा दोष वेगळा. नाही घेतलात तर ती शेवटपर्यंत हुशार राहते. मी दोन्ही वेळा गाळला. तुमच्याकडे ताकदीची मुलगी असेल तर ठेवून बघा, पण ठेवलात तर तिसऱ्या अंकात तिला पाताळयंत्री करू नका, दोन्ही एकत्र चालत नाही.

मेरी वॉरन हा माझा लाडका विषय, आणि पात्रयोजना करताना सगळ्यात चांगली नटी मी तिथे टाकतो, ॲबिगेलला नाही. कारण 'त्या मुलींना खरंच दिसत होतं की त्या नाटक करत होत्या' या प्रश्नाचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे. ती कोर्टात सांगते ते साधारण असं, की बाकीच्या ओरडत होत्या, तुम्ही साहेब लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत होतात, सुरुवातीला खेळ होता, मग सगळं जगच भुतं भुतं म्हणायला लागलं आणि मला वाटलं मला दिसतायत. आणि त्याच्या जरा आधीच जज हॅथॉर्न तिला म्हणतो, बरं, आता बेशुद्ध पडून दाखव. तिला जमत नाही. आमच्या मुलीने मला विचारलं, सर मग मी पहिल्यांदा खोटी पडले होते की खरी? मी म्हटलं तुला अंगात येणं माहितीये ना, आजूबाजूला ढोल, धूप, बायका घुमतायत, त्यात एखादीच्या अंगात येतं, ती खोटं बोलत असते का? आणि तीच बाई तिला दुपारी एकटीला स्वयंपाकघरात उभी करून घुमून दाखव म्हटलं तर येईल का? पोरीला झटकन कळलं. ही तुलना तालमीपुरतीच बरं का, रंगमंचावर घुमणं आणू नका.

पॅरिसवर फार वेळ घालवू नका. त्याला नोकरी टिकवायचीय, घराची कागदपत्रं हवीत, सरपणाच्या सहा पौंडांवरून वाद घालतो, कथिलाच्या शमादानांच्या जागी सोन्याची हवीत. तो शेवटपर्यंत तसाच राहतो, चौथ्या अंकात फाशी पुढे ढकला म्हणतो तेही दारात कुणीतरी सुरा खोचून ठेवला म्हणून. नटाला फक्त एवढंच सांगा की हा विनोदी नाहीये.

पुटनमचा हेतू जमीन, हे सगळ्यांना दिसतं. गावातला म्हातारा जाइल्स कोरी कोर्टात तेच सांगतो, की जेकब्स नावाच्या गावकऱ्यावर आरोप पुटनमच्या मुलीने केला, जेकब्स फासावर गेला की जमीन जप्त, आणि तेवढी जमीन विकत घ्यायची ऐपत गावात एकट्या पुटनमची. पण मला जास्त गुंतवून ठेवते ती त्याची बायको, ॲन. सात बाळं, जन्मल्या दिवशी किंवा रात्रीत गेलेली. आणि समोर रिबेका नर्स, अकरा मुलं, सव्वीस नातवंडं, एकही गेलेलं नाही. या बाईने स्वतः आपल्या मुलीला टिटुबाकडे पाठवलं होतं, मेलेल्या बाळांशी बोलून विचार म्हणून, म्हणजे गावात चेटकाला पहिलं दार हिनेच उघडलं आणि मग चेटूक चेटूक म्हणून पहिली ओरडली पण हीच. आमच्याकडे ती भूमिका करणाऱ्या ताई बँकेत होत्या, फार बोलायच्या नाहीत, त्यांनी वहीत 'थांबायची किंमत' या ओळीपुढे लिहिलं होतं, 'मग दोष माझ्या पोटाचा ठरतो'. मी त्यानंतर त्यांना काहीही सांगितलं नाही, त्यांचं बरोबरच होतं. जमिनीचा लोभ नट वाजवू शकतो, पण हे ज्याला सापडेल त्याने पहिला अंक पेलला म्हणून समजा.

आता प्रॉक्टर. सगळ्या ग्रुपला तो हिरो वाटतो, शेवटी कबुलीचा कागद फाडतो, टाळी घेतो. पण जरा हिशोब करा. पहिल्या अंकात ॲबिगेल त्याला स्पष्ट सांगते की चेटूक वगैरे काही नाही, आम्ही नाचत होतो, मामा अचानक झुडपातून आला आणि त्याची मुलगी बेटी दचकली. म्हणजे अख्ख्या सेलममध्ये खरं माहीत असलेला हा पहिला मोठा माणूस. दुसरा अंक आठ दिवसांनी सुरू होतो, आणि तो अजून शेतावर आहे. त्याची बायको एलिझाबेथ म्हणते चौदा जण तुरुंगात आहेत, जा आणि सांग. तो टाळतो. थोड्याच वेळात मेरी येऊन सांगते, आता एकोणचाळीस. आणि त्याला जायचं का नाहीये? कारण सांगायला गेलं तर म्हणावं लागेल की आम्ही दोघंच खोलीत होतो. त्याची थांबायची किंमत म्हणजे बायकोसमोर आणि गावासमोर लाज. जीव नाही, लाज. हे मी त्याला हलकं लेखायला सांगत नाहीये, त्या गावात लाज म्हणजे फार मोठी गोष्ट होती, पण शेवटच्या अंकात तो जे नाव वाचवतो तेच नाव वाचवायला त्याने ते आठ दिवस घालवलेत, आणि हे नटाला माहीत नसेल तर शेवटचा कागद फाडणं नुसतं फिल्मी होतं. आमच्या प्रॉक्टरला मी सांगायचो की फाडताना तुला ते एकोणचाळीस आठवले पाहिजेत. आठवायचे की नाही ते त्याचं तो जाणे, पण हात थरथरायचा.

हेलबद्दल एवढंच, की तो बदलतो म्हणून आपल्याला आवडतो, पण बदलण्याआधी त्याने स्वतः फाशीच्या बहात्तर वॉरंटांवर सह्या केल्यात, तो स्वतःच कोर्टात ते सांगतो. आणि शेवटी तो कैद्यांना काय सल्ला द्यायला येतो? खोटं बोला आणि जगा. हा माणूस मूर्ख नाही, त्याला आपल्या सह्या पुसायच्यात. खऱ्या हेलचं जे झालं ते नटाला सांगण्यासारखं आहे, त्याच्या स्वतःच्या बायकोवर आरोप आला तेव्हा त्याचे डोळे उघडले, आणि त्याने या सगळ्यावर लिहिलेलं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये छापलं गेलं.

आणि मग डॅनफर्थ, डेप्युटी गव्हर्नर आणि खटल्याचा मुख्य जज. माझं मत विचाराल तर माझ्या हिशोबात दोषाचा सगळ्यात मोठा वाटा इथे येतो, आणि गंमत म्हणजे त्याचा हेतू अख्ख्या नाटकात सगळ्यात स्वच्छ आहे. त्याला जमीन नको, बाई नको, सूड नको. पैसे खाणारा जज नाही तो. म्हणून पहिल्या वेळी मी त्याला खर्जातल्या आवाजाचा राक्षस केला ते चुकलं. तो सभ्य आहे, ऐकून घेतो, अधूनमधून मऊ पण होतो. प्रॉक्टरला तो खरोखर सोय करून देतो, तुझी बायको गरोदर आहे म्हणते, तिला वर्षभर हात लावत नाही, आता तक्रार मागे घे. आणि एकदा, एकदाच, तो ॲबिगेलला विचारतो की हे सगळं भासाचं असू शकेल का. तेव्हा ती त्याच्याकडे वळून धमकी देते की साहेब जपा, नरकाची ताकद तुमचंही डोकं फिरवू शकते. बस. हीच ती जागा. मुलीने डेप्युटी गव्हर्नरला भर कोर्टात धमकी दिली आणि त्याने ती गिळली. इथे थांबला असता तर त्याचं काय गेलं असतं? जीव? नाही. नोकरी? बहुधा तीही नाही. आधी दिलेले निकाल चुकीचे होते एवढं म्हणावं लागलं असतं. चौथ्या अंकात तर तो उघडच बोलतो, बारा जणांना आधीच फासावर दिलंय, आता यांना माफी दिली तर त्या बारांवर शंका येईल. म्हणजे जे मेलेत त्यांच्यासाठी जे जिवंत आहेत त्यांना मारायचं. आमच्या डॅनफर्थला मी त्या धमकीनंतर चार सेकंद दिले होते, फक्त चार, कुणी हलायचं नाही, आणि मग त्याने चष्मा पुसायचा. (चष्मा १६९२ चा वाटेल असा मिळवा, प्लॅस्टिकचा नको.)

म्हणजे आतापर्यंतचा हिशोब असा, टिटुबाला थांबणं म्हणजे मरण होतं, तिच्याकडे दोष जवळपास नाहीच. ॲबिगेल सुरुवातीला जिवावर उदार व्हायला हवी होती, नंतर नाही. मेरीने प्रयत्न केला आणि मोडली. प्रॉक्टरची किंमत लाज होती. हेलची सही, डॅनफर्थचा शब्द. जसजसं वर जाल तसतशी थांबायची किंमत कमी होत जाते आणि अधिकार वाढत जातो, आणि तुमच्या ग्रुपचं भांडण मात्र खालच्या एका पोरीवरून चाललंय. 'समाजाचा दोष' म्हणणारे पण तितकेच चुकतात असं मला वाटतं. समाज म्हणून रंगमंचावर कुणी एंट्री घेत नाही, प्रत्येक वॉरंटवर कुणाची तरी सही असते.

नटांना खऱ्या घटनेचं थोडं सांगाच, त्याने सूर खाली येतो. एकोणीस जणांना फाशी झाली, चौदा बायका आणि पाच पुरुष, जाळलं कुणालाच नाही, हे मुद्दाम सांगतो कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात सरण असतं. जाइल्स कोरी ऐंशीच्या घरातला, त्याने गुन्हा कबूल-नाकबूल काहीच म्हटलं नाही म्हणून छातीवर दगड रचून मारला. पुरावा म्हणजे काय तर हिचा आत्मा देहातून निघून माझ्या खोलीत आला आणि मला चावला, आणि ते फक्त चावलं गेलेल्या माणसालाच दिसणार. ऑक्टोबर १६९२ मध्ये गव्हर्नर फिप्सने ते खास कोर्टच बरखास्त केलं. आणि पुढे काय झालं तेही सांगा. सॅम्युअल स्यूअल नावाच्या जजने १६९७ मध्ये चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून आपली चूक मान्य केली. पुटनमच्या मुलीने, जी नाटकात रूथ आहे आणि खरी ॲन होती, तिने १७०६ मध्ये चर्चमध्ये माफी मागितली, पण सैतानाने भुलवलं म्हणून. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने मात्र कधीच काही मान्य केलं नाही. नाटकातला डॅनफर्थ हा खऱ्या डॅनफर्थपेक्षा मला तरी या स्टॉटनच्या जास्त जवळचा वाटतो, खरा डॅनफर्थ त्या खास कोर्टावर नव्हताच.

गावात आणायचं का, हा तुमचा प्रश्न. मोह होतो मला कळतंय, आपल्याकडे सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच राज्यात झालाय. दुसऱ्या वेळच्या एका प्रयोगानंतर नंदुरबारकडे काम केलेले एक शिक्षक भेटले, म्हणाले तिकडे असं काही कानावर आलं की आम्ही आधी विचारायचो बाई एकटी आहे का आणि शेत कुणाच्या नावावर आहे. पुटनम एका वाक्यात. पण तरी मी सांगेन की आणू नका, आणि कारण साधं तांत्रिक आहे. सेलमचं यंत्र कबुलीवर चालतं. मी चेटकीण आहे म्हटलं की जीव वाचतो, नाही म्हटलं की फाशी. खोटं बोलून जगायचं की खरं बोलून मरायचं हा चौथा अंक त्या एका नियमावर उभा आहे. आपल्याकडे बाईने हो मी डाकीण म्हटलं तर तिला कुणी सोडतं का? उलट तिथेच संपवतील. म्हणजे गाव बदललंत की प्रॉक्टरचा कागदच उरत नाही. शिवाय मिलरचं हे नाटक १९५३ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा त्याच्या देशात कम्युनिस्ट मित्रांची नावं सांगा आणि सुटा असाच नियम चालू होता, आणि तीन वर्षांनी कम्युनिस्ट शोधणाऱ्या सरकारी समितीसमोर त्याला स्वतःला नावं विचारली गेली तेव्हा त्याने दिली नाहीत, १९५७ मध्ये त्याला दोषी धरलं, पुढच्या वर्षी अपिलात सुटला. नावं घेणं हाच त्या नाटकाचा धंदा आहे, ते सेलममध्येच राहू द्या. भाषा मात्र मोकळी करा. आम्ही पहिल्यांदा 'गुडी प्रॉक्टर' तसंच ठेवलं होतं, प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत गुढीपाडवा आठवून कुणीतरी खुदखुदायचं. मग सरळ 'प्रॉक्टरबाई' केलं.

राहिलं जेवणाचं. स्पर्धेची वेळ किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, अडीच तास मिळणार असतील तर कापायची गरज नाही, आणि कमी असेल तर दुसरीकडून कापा, पहिल्या अंकात प्रॉक्टर आणि पुटनम जमिनीच्या हद्दीवरून भांडतात तिथे बरंच निघतं. पण ती पहिली दोन मिनिटं काढू नका. प्रॉक्टर शेतावरून येतो, खोलीत कुणी नाही, बायको वर मुलांना गाणं म्हणतेय, चुलीवरचा रस्सा डावाने चाखतो, तोंड वाकडं करतो, चिमूटभर मीठ टाकतो. मग बायको येऊन वाढते आणि हा म्हणतो, छान झालंय, चव बरोबर जमलीय. ती लाजते, म्हणते मी खूप लक्ष दिलं. तो खोटं बोलला, तिला बरं वाटावं म्हणून. पुढे तिसऱ्या अंकात कोर्टात तिला विचारतात की तुझ्या नवऱ्याने व्यभिचार केला का, आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेली ती बाई त्याला वाचवायला नाही म्हणते, आणि त्या एका 'नाही'ने तो अडकतो. मीठ कापलंत तर ते 'नाही' कुठून आलं ते कुणाला कळणार नाही. फक्त हंडीत खरंच काहीतरी पातळ गरम असू द्या, रिकाम्या हंडीत डाव फिरवला की शेवटच्या रांगेपर्यंत खणखण ऐकू येते.